ईहाइम क्लासिक की सनसन ३०३बी: कॅनिस्टर फिल्टर घेताना आणि घरी सुधारताना

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे माशांच्या टाकीबाहेर, खाली ठेवायचा पाणी गाळणारा पंपाचा बंद डबा. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठा छापलेला असतो तो ताशी लिटरचा आकडा. दुकानातही तोच ऐकवला जातो: "हजारचा घ्या, चौदाशेचा घ्या, पाणी एकदम क्रिस्टल क्लिअर." पण तो आकडा डबा रिकामा आणि पंप मोकळा असतानाचा असतो. आत स्पंज, रिंग आणि कापूस भरला, दोन्ही नळ्या जोडल्या आणि तीन-चार आठवड्यांचा गाळ साचला, की प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावर येणं अगदी नेहमीचं आहे. आणि जे पाणी फिरतं, त्यातलं किती मीडियातून (आत भरलेल्या गाळण्याच्या साहित्यातून) जातं आणि किती कडेच्या फटीतून तसंच टाकीत परत येतं, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते कॅनिस्टरची खरी परीक्षा इथेच होते. भारतात सहज मिळणारे दोन अगदी वेगळ्या धाटणीचे फिल्टर, ईहाइम क्लासिक आणि सनसन एचडब्ल्यू-३०३बी, इथे याच कसोटीवर पाहिले आहेत. त्यांत घरी काय बदल करता येतात, तेही सांगतो.

आधी टाकी मोजा

आपल्याकडे टाक्या फुटांत बनतात आणि फिल्टर लिटरांत विकले जातात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. म्हणजे २×१×१ फुटांची टाकी सुमारे ५७ लिटरची, ३×१.५×१.५ ची १९१ लिटरची आणि ४×१.५×१.५ ची २५५ लिटरची. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा धरली तर प्रत्यक्ष पाणी १० ते १५ टक्के कमी भरतं. टेट्रा, रासबोरा अशा लहान माशांच्या झाडं लावलेल्या टाकीला खोक्यावरचा ताशी आकडा पाण्याच्या सुमारे चार-पाच पट असला तरी पुरतो. गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे भरपूर खाणारे आणि तेवढीच घाण करणारे मासे असतील, तर सहा-सात पट धरा. दोन फुटी टाकीला कॅनिस्टरची गरज नाही, तिथे चांगला स्पंज फिल्टर किंवा हँग-ऑन (टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर) पुरेसा होतो.

प्रत्यक्ष प्रवाह मोजायला एक लिटरची बाटली आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच पुरतं. आउटलेटचं (टाकीत पाणी परत सोडणाऱ्या नळीचं) तोंड पाण्याच्या पातळीलगत धरून बाटली भरा आणि ३६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागा. सहा सेकंद लागले तर ताशी ६०० लिटर, नऊ लागले तर ४००. बाटली पातळीच्या खूप खाली धरली तर सायफनमुळे आकडा फुगतो. फिल्टर नवा भरल्यावरचा आकडा डब्यावर मार्करने लिहून ठेवा. प्रवाह त्याच्या दोन-तृतीयांशावर आला की साफसफाईची वेळ झाली असं समजा. ठरावीक तारखेला उघडण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली आहे.

ईहाइम क्लासिक

या मालिकेतले तीन फिल्टर घरगुती टाक्यांच्या कामाचे आहेत. २२१३ ताशी ४४० लिटर आणि ८ वॅटचा, २२१५ ताशी ६२० लिटर आणि १५ वॅटचा, तर २२१७ ताशी १००० लिटर आणि २० वॅटचा. आतली जागा अनुक्रमे सुमारे ३, ४ आणि ६ लिटर. कंपनी त्यांना २५०, ३५० आणि ६०० लिटरपर्यंतच्या टाक्यांसाठी सुचवते. मासे कमी असतील तरच ते खरं मानावं.

रचना अगदी साधी: एक गोल उभा डबा आणि वर पंपाचं डोकं. पाणी तळाशी शिरतं, सगळ्या मीडियातून वर चढतं आणि डोक्यातून बाहेर पडतं. ट्रे नाहीत, त्यामुळे ट्रे आणि भिंत यांच्यामधली फटही नाही. डबा नीट भरला असेल तर पाण्याला दुसरी वाटच उरत नाही. ताशी ६२० चा फिल्टर याच कारणामुळे त्याहून मोठ्या आकड्याच्या फिल्टरांच्या तोडीस तोड काम करतो. वीजही कमी खातो. १५ वॅटचा पंप महिन्याला सुमारे ११ युनिट घेतो, ३५ वॅटचा सुमारे २५. शिवाय मोटरची उष्णता पाण्यातच उतरते, हा मुद्दा विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये फार महत्त्वाचा ठरतो.

उणिवाही स्पष्ट आहेत. प्रायमिंगचा (सुरुवातीला डब्यात पाणी ओढून भरण्याचा) दट्ट्या नाही, पाणी सायफनने ओढून घ्यावं लागतं. ट्रे नसल्याने साफ करताना सगळा डबा रिकामा करावा लागतो. किंमत जास्त. आणि टॅप नसलेला संच मिळाला तर नळ्या सोडवताना फरशीवर पाणी सांडणार हे नक्की, म्हणून दुहेरी टॅपसकटच घ्या.

भरण्याचा क्रम खालून वर: तळाशी जाड रिंगांचा एक थर, त्यावर जाड छिद्रांचा निळा स्पंज, मग डब्याचा निम्म्याहून जास्त भाग सच्छिद्र बायो मीडिया (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर राहतात ते साहित्य), सगळ्यात वर बारीक पांढरा पॅड. पांढरा पॅड वरच असल्याने तो एकटा बदलणं सोपं जातं. सोबतचा काळा कार्बन पॅड लावू नका, औषध संपल्यावर पाण्यातून ते काढून टाकायला राखून ठेवा. बायो मीडिया जाळीच्या पिशव्यांत भरला तर साफसफाई सोपी होते, पण पिशवीच्या गोलाईमुळे कडेला मोकळी जागा राहते. म्हणून प्रत्येक पिशवीच्या वर आणि खाली स्पंजची एक चकती द्यावी. चकती डब्याच्या आतल्या व्यासापेक्षा एक सेंटिमीटर मोठी कापली की भिंतीला घट्ट बसते. या फिल्टरमध्ये याहून जास्त फेरफार करण्याची गरज नाही.

सनसन ३०३बी

ताशी १४०० लिटर, ३५ वॅट, तीन ट्रे, ९ वॅटचा यूव्ही दिवा, वर प्रायमिंगचा दट्ट्या. याचाच लहान भाऊ ३०२ (ताशी १००० लिटर, १८ वॅट, यूव्ही नाही), मोठा ३०४बी (ताशी २००० लिटर, ५५ वॅट). याच घडणीचे फिल्टर वेगवेगळ्या नावांनीही विकले जातात, म्हणून पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं. ज्याला कमी पैशात मोठी जागा आणि ट्रेची सोय हवी आहे, त्याने हा घ्यायला हरकत नाही. पण खोक्यातून काढून, सोबतचे कार्बनचे तुकडे आणि रिंगा टाकून तसाच चालू करू नका. या फिल्टरमधून पुरेपूर काम करून घ्यायचं, तर तासाभराची मेहनत करावी लागते.

इथे पाणी एका उभ्या वाटेने थेट तळाशी जातं आणि ट्रेंमधून वर येतं. ट्रे एकमेकांवर बसतात. या जोडांत किंवा ट्रे आणि डब्याच्या भिंतीमध्ये फट राहिली, की पाणी सर्वांत कमी अडथळ्याची वाट धरतं. मीडिया जितका बारीक आणि जितका तुंबलेला, तितकं जास्त पाणी फटीतून जातं. म्हणजे कापूस दाबून दाबून भरला तर पाणी जास्त स्वच्छ होत नाही, उलट ते कापूस टाळून बाजूने निघून जातं. नवशिक्यांच्या टाकीत फिल्टर मोठा असूनही कण तरंगत राहतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पळवाट आहे का, हे ओळखणं सोपं आहे. दोन-तीन आठवड्यांनी डबा उघडा. ट्रेच्या बाहेरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यांत तपकिरी गाळाच्या रेघा आहेत, पण आतला कापूस फक्त कडेला मळलाय आणि मध्ये पांढराच आहे, तर पाणी बाजूने जात आहे.

उपाय: एअर पंपाची चार मिलिमीटरची सिलिकॉनची मऊ नळी घ्या. ब्लेडने लांबीच्या दिशेने एक चीर द्या आणि ट्रेच्या वरच्या कडेवर चारी बाजूंनी चढवा. जोड कोपऱ्यात न ठेवता सरळ बाजूवर ठेवा. ही झाली गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी कड. मात्र प्रत्येक ट्रेला नळी चढवली की एकूण उंची काही मिलिमीटर वाढते, आणि मग डोकं पूर्ण खाली बसत नाही. क्लिपा जोर लावून बंद होतात, पण ओ-रिंग (डोकं आणि डबा यांच्यामधलं रबरी कडं) एका बाजूला उचललेली राहते आणि फिल्टर गळतो. म्हणून आधी एकाच ट्रेला, तळाच्याच, नळी लावून पाहा. डोकं हाताच्या हलक्या दाबाने बसलं पाहिजे. बसत नसेल तर नळी काढा आणि फक्त स्पंजवर भिस्त ठेवा: स्पंज ट्रेच्या आतल्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी तीन ते पाच मिलिमीटर मोठा कापा. चिकटपट्टीची फोम पट्टी लावू नका. पाण्यात तिचा गोंद सुटतो आणि पट्टी थेट इम्पेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या पात्यात) जाते.

तळाच्या ट्रेमध्ये जाड स्पंज, २० पीपीआयचा (म्हणजे इंचामागे २० छिद्रांचा), आणि त्यावर ३० पीपीआयचा. मधला ट्रे पूर्ण बायो मीडियाचा, काठोकाठ. वरच्या ट्रेमध्ये अर्धा बायो मीडिया आणि त्यावर कापसाचा फक्त एक सैल थर. हा कापूस धुऊन पुन्हा वापरू नका, दोन ते चार आठवड्यांनी टाकून द्या.

मीडियाबद्दल थोडं सविस्तर

स्वस्त सिरॅमिक रिंगांमध्ये दोन जाती असतात: सच्छिद्र आणि चकाकी दिलेली. कोरड्या रिंगेवर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर घ्या. थेंब वरच थांबला किंवा ओघळला तर ती रिंग गाळ अडवण्यापुरतीच, बायो मीडिया म्हणून तिची किंमत फार कमी. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका दगड), सिंटर्ड (तापवून जोडलेल्या कणांची सच्छिद्र) काच आणि लाव्हा रॉक हे तिन्ही चांगले. बांधकामाची काळी खडी मात्र घट्ट बेसाल्टची असते, ती जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही. काहीही भरण्याआधी बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, ती भुकटी इम्पेलरचा दांडा घासते.

ज्यांना महागडा मीडिया परवडत नाही, त्यांनी अजिबात कमीपणा वाटून घेऊ नये. ३० पीपीआयचा साधा स्पंज हा उत्तम बायो मीडिया आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागावर राहतात, आणि त्यांना लागतो तो ऑक्सिजन नेणारा प्रवाह. दगडाच्या खोल छिद्रांत पाणीच पोचत नसेल तर तिथला पृष्ठभाग कागदावरच राहतो.

झिओलाइट हा खनिज दगड अमोनिया शोषून घेतो हे खरं, पण आजारी माशांसाठी टाकीत मीठ घातलं तर तोच अमोनिया परत सोडतो. मीठ घालण्याआधी तो बाहेर काढलाच पाहिजे.

मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं. जिवाणूंच्या या कामात पाण्यातली क्षारता खर्च होते, आणि मऊ पाण्यात ती आधीच कमी असल्याने काही आठवड्यांत केएच (क्षारतेचं माप) शून्याकडे जातो, पीएच घसरतो आणि मासे ठीक दिसत असतानाच अमोनिया वाढू लागतो. अशा ठिकाणी वरच्या ट्रेमध्ये मूठभर कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवा आणि केएच आठवड्याला एकदा मोजा. बोअरवेलच्या जड पाण्यात याच्या उलट: चुरा नको, पण इम्पेलरवर पांढरा थर बसतो. इम्पेलर सुटा करून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. सिरॅमिकचा दांडा सरळ ओढा. वाकवला की तुटतो.

यूव्ही

९ वॅटचा दिवा हिरवं पाणी काही दिवसांत साफ करतो, कारण तो तरंगत्या शेवाळाला मारतो. काचेवर किंवा पानांवर चिकटलेल्या शेवाळावर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण ते दिव्याजवळून जातच नाही. दिव्याचं आयुष्य सुमारे ८००० तास, म्हणजे सतत चालवला तर अकरा महिने. त्यानंतर तो निळसर दिसत राहतो पण काम करत नाही. गरज असेल तेव्हाच लावा. औषध चालू असताना बंद ठेवा. पंप बंद असताना तो कधीही चालू राहू देऊ नका, आणि डोकं उघडण्याआधी प्लग काढा. उघडा दिवा डोळ्यांना इजा करतो.

नळ्या, इनलेट आणि आउटलेट

१२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिलिमीटर, १६ मिलिमीटरचं २०१. म्हणून १६ ची नळी बसणाऱ्या फिल्टरला अडॅप्टर लावून १२ ची जोडली, तर विकत घेतलेला प्रवाह नळीतच अडकतो. नळ्या लागतील तेवढ्याच ठेवा, जास्तीचं वेटोळं कपाटात ठेवू नका. डब्याचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा किमान २० सेंटिमीटर खाली हवा, नाहीतर सायफन नीट धरत नाही.

प्रवाह कमी करायचा असेल तर आउटलेटचा टॅप फिरवा, इनलेटचा कधीच नाही. इनलेट आवळला की पंपाला पाणी कमी पडतं, पाण्यात विरघळलेली हवा सुटते आणि खरखर सुरू होते. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळणारा, नळीत बसवायचा इनलाइन डिफ्यूजरही आउटलेटवरच लावा.

इनलेटच्या जाळीवर जाड स्पंजची टोपी चढवली तर झिंगे आणि पिल्लं वाचतात, डबा उशिरा तुंबतो. मात्र ही टोपी आठवड्याला पिळावी लागते. हीच सोय तयार हवी असेल तर ओआसे बायोमास्टर पाहा: त्याचा प्रीफिल्टर डबा न उघडता बाहेर काढता येतो, आणि माझ्या मते सध्याच्या फिल्टरांतली ती सर्वांत उपयोगी कल्पना आहे.

इनलेटच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली ८ ते १० सेंटिमीटरवर एक चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा. नळी सुटली किंवा डबा गळला तर पातळी भोकापर्यंत उतरताच हवा शिरून सायफन तुटतो आणि अख्खी टाकी हॉलमध्ये रिकामी होत नाही. भोक याहून वर पाडलं तर उन्हाळ्यातल्या बाष्पीभवनाने ते उघडं पडून पंप हवा ओढेल. आउटलेट खोल बुडालेला असेल तर त्यालाही असंच भोक हवं. दोन्ही भोकं दर साफसफाईला दातकोरणीने मोकळी करा.

स्प्रे बार (आउटलेटची भोकांची आडवी नळी) उन्हाळ्यात पृष्ठभागाशी आणा, पाणी हललं पाहिजे. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि डब्यातले जिवाणू त्यातलाच वाटा घेतात.

गळती आणि वीज

गळतीची कारणं ठरलेली: ओ-रिंगवर वाळूचा कण, पिळलेली ओ-रिंग, किंवा एका बाजूच्या क्लिपा आधी लावल्याने तिरकं बसलेलं डोकं. क्लिपा समोरासमोरच्या जोडीने लावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलिन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. फिल्टर लावल्यावर एक दिवस खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, ओला डाग लगेच दिसतो. डबा कायम प्लास्टिकच्या टबात ठेवा. तार आधी सॉकेटच्या खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

लाइट गेली की डब्यातलं पाणी थांबतं आणि जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल, तर लाइट आल्यावर फिल्टर आपोआप सुरू होऊ देऊ नका. प्लग काढा, टॅप बंद करा, डबा उघडून कुबट पाणी ओतून द्या, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलवा, टाकीतलंच पाणी भरून मग सुरू करा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी मीडियावर ओतलं तर महिन्याभरात वसलेली वसाहत धुऊन जाते. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात.

कोणता घ्यावा

३×१.५×१.५ च्या झाडांच्या, मोजक्या लहान माशांच्या टाकीला ईहाइम २२१५, निःशंक. त्याच टाकीत गोल्डफिश किंवा ऑस्कर असेल तर वर सांगितलेली दुरुस्ती केलेला ३०३बी, किंवा फ्लुव्हल ३०७ (ताशी ११५० लिटर). चार फुटी टाकीला २२१७. कोणताही घ्या, पैसे देण्याआधी दुकानात ओ-रिंग, इम्पेलर, दांडा आणि टॅप सुटे मिळतात का हे विचारा, आणि एक ओ-रिंग आणि एक इम्पेलर त्याच दिवशी घेऊन ठेवा. रविवारी रात्री दांडा तुटला तर मासे सोमवारच्या दुकानाची वाट पाहत नाहीत.

परदेशातून कुणी फिल्टर आणणार असेल तर लेबल वाचून घ्यायला सांगा. अमेरिकेतला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा फिल्टर इथे थेट लावला तर कॉइल जळते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही, त्यामुळे पंप मिनिटाला ३६०० ऐवजी ३००० फेऱ्यांनी फिरतो, प्रवाह घटतो आणि कॉइल जास्त तापते. सौदीत व्होल्टेज जुळलं तरी वीज ६० हर्ट्झची आहे. दुबई किंवा जर्मनीहून आणलेला फिल्टर चालतो, पण जर्मन प्लगच्या बारीक पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात. चोवीस तास चालणाऱ्या उपकरणाला सैल पिन नको, म्हणून चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लावा किंवा इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या.